मंद अश्व आणि टाचेचा काटा



आळशी घोड्याला पुढे कसे चालवावे, हा आजच्या माझ्या व्याख्यानाचा विषय आहे. एका शिक्षकाच्या स्मृत्यर्थ चालणाऱ्या व्याख्यानमालेत तो काहींना चमत्कारिक वाटेल. परंतु आपण ज्या वस्तीत बसलो आहोत तिचे नावच मुळी 'लष्कर'. १८१० साली दौलतराव शिंद्यांनी ग्वाल्हेरच्या किल्ल्याच्या पायथ्याशी तळ दिला, तो पुढे हललाच नाही. राहुट्यांच्या जागी वाडे उभे राहिले आणि फौजेबरोबर आलेली मराठी कुटुंबे येथलीच होऊन गेली. तेव्हा तबेल्याची भाषा आपल्याला परकी नाही. ती आपल्या रोजच्या बोलण्यात आहे. हट्टाने अडून बसणाऱ्याला आपण अडेलतट्टू म्हणतो. स्वतःचेच म्हणणे रेटणारा आपले घोडे पुढे दामटतो. आणि एखादे काम रखडले की घोडे कोठे पेंड खाते, याचा शोध आपण घेतो. हा शेवटचा वाक्प्रचार मला आज फार उपयोगी पडणार आहे. घोडा पुढे का जात नाही हे आधी शोधावे आणि मग टाच मारावी, एवढेच मला सांगावयाचे आहे. परंतु एवढे समजण्यासाठी माणसाला सुमारे दोन हजार वर्षे लागली आणि ते अजूनही पुरतेपणी समजले आहे असे नाही.

प्रथम वस्तूची ओळख करून घेऊ. घोडेस्वाराच्या बुटाच्या टाचेवर धातूची एक कमान बसविलेली असते. तिच्या मागच्या अंगाला आखूड दांडी असते, आणि दांडीच्या टोकाशी बोथट बोंड, अणकुचीदार काटा किंवा फिरणारी दातेरी चक्री असते. इंग्रजीत हिला स्पर म्हणतात, फारसीत महमीज. बैल हाकणाऱ्या शेतकऱ्याच्या पराणीला जशी लोखंडी आर असते, तशी ही स्वाराच्या पायाला लावलेली आर होय. मराठीत आपण 'टाच मारणे' म्हणतो. त्यात काटा नाही, नुसती टाच आहे. सोयीसाठी या व्याख्यानात मी या वस्तूला 'टाचेचा काटा' असे म्हणेन.

प्राचीन ग्रीकांच्या भाषेत या काट्याला 'म्युओप्स' असा शब्द होता, आणि गुराढोरांना चावणाऱ्या गोमाशीलाही तोच शब्द होता. दोघांचे काम एकच, जनावराला जागचे हलविण्याचे. हा शब्द जगाच्या इतिहासात अमर झाला तो एका खटल्यामुळे. इ. स. पू. ३९९ मध्ये सॉक्रेटिस अथेन्सच्या न्यायसभेपुढे आरोपी म्हणून उभा राहिला. प्लेटोने त्याचे जे बचावाचे भाषण लिहून ठेवले आहे त्यात एक दृष्टांत येतो. अथेन्स हा एक मोठा, जातिवंत घोडा आहे; पण अंगाच्या थोराडपणामुळे तो मंद झाला आहे; त्याला जागे करण्यासाठी देवाने आपली योजना म्युओप्ससारखी केली आहे, असे सॉक्रेटिस सांगतो. याचा अर्थ बहुतेक भाषांतरकार गोमाशी असा करतात. काही अभ्यासकांनी तेथे टाचेचा काटाही वाचला आहे. अर्थ कोणताही घ्या, घोड्याने काय केले ते आपण जाणतो. त्याने शेपटीचा एक फटका मारला आणि सॉक्रेटिसला विषाचा पेला घ्यावा लागला.

या दृष्टांतातील एका गोष्टीकडे मात्र आपले लक्ष सहसा जात नाही. सॉक्रेटिस ज्याला मंद म्हणतो त्याच घोड्याला तो जातिवंतही म्हणतो. मंदपणा हा त्या घोड्याचा स्वभाव नव्हे, त्याला कारण आहे, असे त्याचे निदान आहे. दोष आणि दोषाचे कारण यांत भेद करणे हे शिक्षकाचे लक्षण होय.

सॉक्रेटिसच्या सहवासातील दुसरा लेखक झेनोफन. प्लेटोने घोड्याचा दृष्टांत लिहिला. झेनोफनने प्रत्यक्ष घोड्यावर ग्रंथ लिहिला. तो स्वतः रणांगण पाहिलेला स्वार होता. त्याचा 'अश्वारोहणा'वरील लहानसा ग्रंथ इ. स. पू. चौथ्या शतकातला आहे. त्या काळी रिकीब नव्हती. स्वार घोड्याच्या पाठीवर मांड्यांच्या बळावर बसे. झेनोफन काट्याचा किंवा चाबकाचा सर्वस्वी निषेध करीत नाही. उडी मारण्यास शिकविताना त्यांचा उपयोग तो सांगतो. परंतु दोन ठिकाणी तो फार खोल जातो. एके ठिकाणी, आपल्या आधीच्या सायमन नावाच्या अश्वविद्याविशारदाचा आधार घेऊन तो म्हणतो की घोडा जे जबरदस्तीने करतो ते न समजता करतो आणि त्यात सौंदर्य नसते. एखाद्या नर्तकाला चाबूक व काटा लावून नाचविले तर त्या नाचात जितके सौंदर्य असेल तितकेच. दुसरे ठिकाण अधिक व्यावहारिक आहे. घोडा एखाद्या वस्तूला बिचकून पुढे जात नसेल तर काय करावे? झेनोफन सांगतो की ती वस्तू भयंकर नाही हे त्याला पटवावे, वाटल्यास स्वतः तिला हात लावून दाखवावा आणि मग त्याला हळूच जवळ न्यावे. जे लोक अशा वेळी मारतात ते त्याचे भय वाढवितात. कारण आपल्याला होणारी वेदना समोरच्या वस्तूमुळेच होत आहे, अशी घोड्याची समजूत होते.

हे वाक्य चोवीस शतकांपूर्वीच्या एका सैनिकाचे आहे. विद्यार्थ्याला गणिताच्या तासाला छडी बसली तर तो शिक्षकाला भिईल की गणिताला, या प्रश्नाचे उत्तर त्यात आहे.

पुढे काटा वस्तू म्हणून मोठा झाला आणि साधन म्हणून मागे पडला. याची चाहूल ग्रीकांतच लागते. थिओफ्रास्टसने माणसांच्या स्वभावांची जी शब्दचित्रे लिहिली त्यांत क्षुल्लक मोठेपणाची हाव असलेला एक गृहस्थ आहे. घोडदळाच्या मिरवणुकीनंतर तो बाकी सारे सामान नोकराबरोबर घरी धाडतो, पण काटे पायांतच ठेवून बाजारचौकात फिरतो. मध्ययुगीन युरोपात हे चित्र समाजव्यवस्थाच बनले. सरदाराची दीक्षा देताना त्याच्या पायांत सोनेरी मुलाम्याचे काटे बांधीत. त्याने नाव घालविले तर तेच काटे तोडून त्याची अप्रतिष्ठा करीत. तेराव्या शतकात फिरत्या चक्रीचे काटे दिसू लागले. उंच खोगिरात, चिलखत घालून, पाय ताठ ठेवून बसणाऱ्या स्वाराची टाच घोड्याच्या अंगापासून दूर पडे, म्हणून पुढे काट्याची दांडीही लांबत गेली. घोडा आणि स्वार यांच्यामधले अंतर वाढले की काटा लांब करावा लागतो, असे यातून दिसते.

या सोनेरी काट्यांची परीक्षा ११ जुलै १३०२ रोजी फ्लँडर्समधील कोर्ट्रायच्या रणावर झाली. फ्रान्सच्या नामांकित सरदारांनी फ्लेमिश विणकर-कारागिरांच्या पायदळावर घोडे घातले. मध्ये ओढे आणि चर होते, समोर भाल्यांची दाट रांग होती. घोड्यांना कितीही टाचले तरी पायाखालची जमीन टाचता येत नव्हती. सरदारांची कत्तल झाली, आणि विजेत्यांनी गोळा केलेले सोनेरी काटे, पाचशे जोड्या असे सांगतात, तेथील चर्चमध्ये टांगले. त्या लढाईला 'सोनेरी काट्यांची लढाई' असेच नाव पडले. पुढे दोनशे वर्षांनी, १६ ऑगस्ट १५१३ रोजी, गिनेगाट येथे आठव्या हेन्रीच्या सैन्यापुढून फ्रेंच घोडदळ इतक्या वेगाने पळाले की त्या लढाईलाही लोकांनी 'काट्यांची लढाई' म्हटले. पहिल्या लढाईत काटा घोड्याला पुढे नेऊ शकला नाही. दुसरीत तो फक्त मागे पळण्याच्या कामी आला.

यानंतर अश्वविद्येचा शास्त्र म्हणून पुनर्जन्म इटलीत झाला. १५५० साली नेपल्सच्या फेदेरिको ग्रिझोनेचा ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि युरोपभर वाचला गेला. आज्ञा पाळणाऱ्या घोड्याला चुचकारावे, हे त्यातही आहे. परंतु अडणाऱ्या घोड्यासाठी त्यात सांगितलेले उपाय वाचवत नाहीत. काठीच्या टोकाला मांजर बांधून ते मागून घोड्याच्या अंगाशी लावावे, शेपटीखाली साळू बांधावा, मागे पेटता पेंढा धरावा, अशी ही उपाययोजना आहे. ती सांगणारा मनुष्य अडाणी नव्हता. आपल्या काळातील श्रेष्ठ जाणकार होता. घोडा पुढे जात नाही याचा अर्थ त्याची इच्छा वाईट आहे, हे गृहीत धरले की विद्वत्ताही क्रूरतेच्याच दिमतीला लागते. ग्रिझोनेचे हे गृहीतच चुकीचे होते.

हे गृहीत फ्रान्समध्ये बदलू लागले. आंत्वान द प्लुव्हिनेलने १५९४ मध्ये पॅरिसला अश्वविद्येची शाळा काढली. तेरावा लुई राजा त्याचा शिष्य होता. प्लुव्हिनेलच्या निधनानंतर, १६२३ साली, प्रसिद्ध झालेला त्याचा ग्रंथ राजाशी संवादाच्या रूपात आहे. काटा आणि छडी यांचा वापर शक्य तितका कमी करून घोड्याच्या बुद्धीला काम द्यावे, हे त्याचे सूत्र. या परंपरेचा कळस म्हणजे फ्रान्स्वा द ला गेरिनियेर. १७३३ साली पूर्ण झालेला त्याचा 'अश्वारोहणशाला' हा ग्रंथ आजही या विद्येचा आधार मानला जातो. त्याने 'साहाय्य' आणि 'शासन' यांत स्पष्ट भेद केला. घोड्याने चूक करण्यापूर्वी, काय हवे ते सुचविण्यासाठी जे करावयाचे ते साहाय्य. चूक झाल्यावर जे करावयाचे ते शासन. एकच काटा दोन्ही कामांसाठी वापरता येतो. केसांना जेमतेम स्पर्श झाला तर ते साहाय्य होय. तंगाच्या मागे एकदा, नेमक्या क्षणी, जोराने लावला तर ते शासन होय. पण उठल्याबसल्या टोचत राहणे हे यांपैकी काहीच नव्हे. त्याने घोडा निबर होतो, काट्याला जुमानीनासा होतो, कित्येकदा उलट काट्यावरच अंग टाकून अडून बसतो.

आधुनिक प्राणिवर्तनशास्त्राने या अनुभवाची उपपत्ती दिली आहे. घोडा टाचेच्या दाबामुळे शिकत नाही. तो दाब सुटल्यामुळे शिकतो. त्याने एक पाऊल टाकताच टाच बाजूला झाली तर पाऊल टाकणे आणि सुटका होणे यांचा संबंध त्याच्या मनात जुळतो. पाऊल टाकल्यावरही टाच तशीच राहिली तर चालले काय नि थांबले काय, एकच, हेच तो शिकतो. आपण ज्याला आळशी घोडा म्हणतो तो बहुधा असा, उत्तर देऊनही ज्याची सुटका झाली नाही असा असतो. उरलेल्यांतील कित्येकांच्या खुरांत वा पाठीत दुखत असते, कोणाचे खोगीर रुतत असते, कोणी थकलेला असतो, आणि कोणाचा स्वार टाचेने 'चल' म्हणत असता हाताने लगाम ओढून 'थांब' म्हणत असतो. घोडे कोठे पेंड खाते ते असे शोधावे लागते.

हे शहाणपण केवळ युरोपचे आहे असे कोणी समजू नये. आपल्याकडे शालिहोत्राच्या नावाने अश्वविद्येची मोठी परंपरा आहे. 'शुक्रनीती'त घोड्याला चाबूक कोठे आणि कोणत्या दोषासाठी लावावा याचे तपशील आहेत. घोडा बिचकला तर एक जागा, अडखळला तर दुसरी, भलत्या वाटेने गेला तर तिसरी. आणि त्यापुढे ग्रंथकार बजावतो की भलत्या ठिकाणी मारलेल्या घोड्याला अनेक खोडी जडतात आणि त्या तो जिवंत असेपर्यंत जात नाहीत. येथे चूक करणारा घोडा आहे, पण तिची जबाबदारी मारणाऱ्यावर टाकलेली आहे. आपल्या तबेल्यात घोडा शिकविणाऱ्याला चाबुकस्वार म्हणत. हा शब्द ऐकून डोळ्यांपुढे चाबूक येतो. परंतु मूळ फारसीत 'चाबुक' म्हणजे चपळ, आणि चाबुकस्वार म्हणजे चपळ, निष्णात स्वार. चपळता स्वाराची असावी, मग चाबकाचे काम थोडे उरते, असा अर्थ मी त्यातून घेतो.

ग्वाल्हेरात घोड्याविषयी बोलताना एका घोड्याची आठवण टाळता येत नाही. जून १८५८ मध्ये झाशीच्या राणी लक्ष्मीबाईसाहेब याच भूमीवर लढता लढता पडल्या. फुलबागेजवळची त्यांची समाधी आपण सर्वांनी पाहिली आहे. त्यांच्या अखेरच्या क्षणांविषयी समकालीन वृत्तांतांत फरक आहेत. परंतु आपल्या परंपरेने जपलेली कथा अशी की त्यांचा नेहमीचा घोडा त्या दिवशी नव्हता. नवा घोडा स्वर्णरेखेच्या नाल्याशी आला आणि अडला. दीडशेहून अधिक वर्षे आपण त्या घोड्याला दोष देत आलो आहो. झेनोफनला विचारले असते तर तो म्हणाला असता की घोडा नवा होता, स्वार अनोळखी होता, पुढे पाणी आणि मागे गोळीबार होता. हा आळस नव्हे, हे भय आहे. राणीसाहेबांना त्या घोड्याशी ओळख करून घेण्यास वेळ मिळाला नव्हता, आणि युद्ध असा वेळ देत नाही. यात दोष कोणाचाच नाही. म्हणून तर ती घटना इतकी करुण वाटते.

परंतु जेथे वेळ देता येतो तेथे तो न दिला तर? ६ ऑगस्ट २०२१ रोजी टोकियो ऑलिंपिकमध्ये आधुनिक पेंटाथलॉनची महिलांची स्पर्धा चालू होती. त्या खेळाच्या नियमानुसार घोडा चिठ्ठीने मिळे आणि त्याची ओळख करून घ्यायला अवघी वीस मिनिटे मिळत. आघाडीवर असलेल्या जर्मन खेळाडूला जो घोडा मिळाला तो आधीच्या स्वाराच्या वेळीच बिथरलेला होता. तो पुढे जाईना. खेळाडू रडत होती, चाबूक आणि काटे चालवीत होती. कठड्याबाहेरून तिची प्रशिक्षिका आणखी मार म्हणून ओरडत होती, आणि शेवटी तिने स्वतःच घोड्याला ठोसा मारला. प्रशिक्षिकेला स्पर्धेतून बाद करण्यात आले. खेळाडू आघाडीवरून एकतिसाव्या क्रमांकावर गेली. जगभर एवढा क्षोभ झाला की २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकनंतर त्या खेळातून घोडेस्वारीच काढून टाकण्याचा निर्णय झाला. झेनोफनने सांगून ठेवलेली गोष्ट वीस मिनिटांच्या नियमाने विसरायला लावली होती.

आता तबेल्यातून शाळेत येऊ; खरे म्हणजे हा विषय पहिल्यापासून शाळेचाच आहे. १५६३ च्या डिसेंबरात इंग्लंडचा दरबार विंडसरला असता भोजनप्रसंगी बातमी आली की ईटनच्या शाळेतील काही मुले माराच्या भीतीने पळून गेली. त्यावर जी चर्चा झाली तीतून राणी एलिझाबेथचा शिक्षक रॉजर ॲस्कम याने 'शालागुरू' हा ग्रंथ लिहिला. तो १५७० मध्ये त्याच्या मृत्यूनंतर छापला गेला. ॲस्कम विचारतो की इंग्लंडची मुले शाळेत रडत जातात आणि तबेल्याकडे धावत जातात, असे का? कारण शहाणा अश्वशिक्षक शिंगराला गोडीने शिकवितो, आणि मास्तर मुलाला छडीने. लोक घोड्याच्या शिक्षकाला दोनशे क्राउन आनंदाने देतात, पण मुलांच्या शिक्षकाला दोनशे शिलिंग देताना त्यांचा हात आखडतो. परिणामी त्यांना घोडे शहाणे मिळतात आणि मुले उनाड, असा टोलाही तो मारतो. शिक्षकांच्या वेतनाविषयीचा हा भाग मी येथे जमलेल्या संस्थाचालकांच्या विचारार्थ सोडून देतो.

आपल्या देशात २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या सतराव्या कलमाने शाळेतील शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ यांना मनाई केली. छडी गेली, हे उत्तम झाले. परंतु काटा केवळ लोखंडाचा नसतो. 'आळशी', 'मठ्ठ', 'शेजारचा बघ' हे शब्द रोज, प्रत्येक तासाला, घरी आणि शाळेत टोचत राहिले तर मूल निबर होते. त्याने एक गणित बरोबर सोडविले, तेव्हा आपण टोचणे थांबविले होते का? की लगेच दुसऱ्या गणिताची टाच मारली? एक पाऊल टाकल्यावर ज्याला क्षणभर सैल लगाम मिळाला नाही, ते मूल दुसरे पाऊल कशासाठी टाकील? आणि जे मूल मागच्या बाकावर मख्ख बसले आहे त्याला फळ्यावरचे दिसते का, सकाळी त्याने काही खाल्ले आहे का, घरी मराठी आणि शाळेत हिंदी किंवा इंग्रजी या ओढाताणीत त्याला प्रश्नच कळला आहे का, हे पाहिल्यावाचून त्याला आळशी म्हणणे म्हणजे रुतणारे खोगीर न पाहता टाच मारणे होय.

याचा अर्थ विद्यार्थ्याला काही सांगूच नये असा मात्र नाही. ला गेरिनियेरने काटा फेकून दिला नाही. त्याने त्याची भाषा केली. ज्या शिक्षकाची टाच कधीच लागत नाही त्याचा विद्यार्थी जागच्या जागी उभा राहतो, आणि ती उपेक्षाही एक अन्यायच आहे. हवी ती योग्य जागी, योग्य क्षणी, योग्य तेवढी सूचना, आणि उत्तर मिळताच विसावा.

शेवटी अथेन्सच्याच एका गुरूचा उल्लेख करतो. वक्तृत्वाचा आचार्य आयसोक्रेटिस याच्यापाशी एफोरस आणि थिओपॉम्पस असे दोन शिष्य होते. थिओपॉम्पसला लगाम लागतो आणि एफोरसला काटा, असे तो म्हणे. सिसेरोने ही आठवण नोंदविली आहे. गुरूने दोघांना एकच उपाय केला नाही. थिओपॉम्पसने पुढे अठ्ठावन्न खंडांचा इतिहास लिहिला. आणि एफोरस, ज्याला पुढे ढकलावे लागे तो मंद विद्यार्थी? त्याने ग्रीकांचा पहिला सार्वत्रिक इतिहास लिहिला. एकोणतीस खंड त्याने स्वतः पुरे केले, तिसावा त्याच्या मुलाने. ज्याला गुरूने मंद म्हणून ओळखले, पण मंद म्हणून टाकून दिले नाही, त्याच्या हातून एवढे काम झाले.

आपल्या वर्गांतही असे एफोरस बसले असतील. त्यांना ओळखण्याइतका वेळ आपणा सर्वांना मिळो.